जांभळ्या कड्याचा माग

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर केंब्रिज विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांचा एक नेहमीचा पाठ चालला होता. परीक्षानळीत प्रथिनाचे द्रावण घ्यायचे, त्यात ॲसेटिक आम्ल मिसळायचे आणि नळी तिरकी धरून कडेकडेने तीव्र गंधकाम्ल सोडायचे. दोन द्रव जिथे एकमेकांना भेटतात तिथे जांभळे कडे उमटते. ॲडमकिविझ या पोलिश वैद्याने सांगितलेली ही कसोटी तेव्हा पाव शतकाची जुनी झाली होती आणि ती फसेल अशी कोणालाच शंका नव्हती. त्या दिवशी मात्र जॉन मेलनबी या विद्यार्थ्याच्या नळीत कडे उमटलेच नाही.

नवी बाटली आणा, पुन्हा करून पाहा, असे सांगून मास्तर पुढे गेले असते तर ही कथा तिथेच संपली असती. पण मास्तर होते फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स. न आलेला रंग त्यांच्या मनात सलत राहिला. सिडनी कोल या सहकाऱ्याला हाताशी धरून त्यांनी एकेका बाटलीची झडती घेतली, आणि जे हाती आले ते चक्रावून टाकणारे होते. आम्ल जितके शुद्ध, तितका रंग नाहीसा! जांभळे कडे उमटवत होती ती ॲसेटिक आम्लात नकळत शिरलेली ग्लायोक्झिलिक आम्लाची भेसळ. पंचवीस वर्षे जगभरचे रसायनशास्त्रज्ञ एका अशुद्धीच्या कृपेने ही कसोटी पार पाडत आले होते.

हॉपकिन्स यांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला. ही भेसळ प्रथिनातल्या नेमक्या कोणत्या घटकाला ओळखते आहे? दुधातले केसीन स्वादुपिंडाच्या पाचकरसाने पचवून, त्या लगद्यातून पाऱ्याच्या क्षाराने एक पदार्थ खाली बसवत, धूत आणि पुन्हा विरघळवत १९०१ मध्ये त्यांनी तो स्फटिकरूपात वेगळा केला. त्याचे नाव आधीच तयार होते. ट्रिप्टोफॅन हे नाव अकरा वर्षांपूर्वी न्यूमायस्टर यांनी एका रंगापलीकडे कोणालाच न दिसलेल्या पदार्थाला देऊन ठेवले होते. आता त्या नावाला देह मिळाला.

पाच वर्षांनी हॉपकिन्स आणि एडिथ विलकॉक यांनी उंदरांचे दोन गट केले. दोघांनाही मक्यातले झीन हे प्रथिन दिले. झीनमध्ये ट्रिप्टोफॅन नसते. एका गटाच्या खाण्यात तेवढे एक ट्रिप्टोफॅन वरून मिसळले. बाकी सारे तेच ठेवले. नुसत्या झीनवरचे उंदीर थंड पडले, सुस्तावले, डोळे अर्धवट मिटून कोपऱ्यात बसून राहिले आणि लवकर मेले. दुसऱ्या गटातलेही वाचले नाहीत, पण ते जास्त दिवस जगले आणि जगले तोवर हिंडत-फिरत राहिले. शरीर जे स्वतः बनवू शकत नाही असे काहीतरी अन्नातून आलेच पाहिजे, हे या प्रयोगाने दाखवले. त्या मलूल उंदरांकडे पाहून माणसाच्या मनाचा विचार मात्र कोणालाही सुचला नाही, आणि सुचण्याचे कारणही नव्हते.

पुढला अंक चाळीस वर्षांनी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात सुरू झाला, आणि तोही एका कटकटीपोटी. अर्विन पेज हे उच्च रक्तदाबाच्या मुळाशी जाऊ पाहणारे वैद्य. रक्तवाहिन्या आकसवणारे द्रव्य ते रक्तात शोधत होते. पण रक्त गोठले, की वर उरणाऱ्या पिवळसर पाण्यात, म्हणजे सीरममध्ये, आणखीच कुठले तरी द्रव्य उतरे आणि रक्तवाहिन्या आवळून साऱ्या मोजमापांवर पाणी फिरवी. हा उपद्रवी पाहुणा एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होता, पण त्याला पकडून दाखवणे कोणाला जमले नव्हते. पेज यांनी १९४६ मध्ये मॉरिस रॅपोर्ट या तरुण रसायनशास्त्रज्ञाला नेमले ते या पाहुण्याची ओळख पटवून त्याला दूर ठेवण्यासाठी.

रॅपोर्ट कत्तलखान्यातून गुरांचे रक्त आणू लागले. शेकडो लिटर सीरम जमले. ते आटवायचे, गाळायचे, अल्कोहोलने साका खाली बसवायचा, आणि दर टप्प्यावर थेंबभर द्रावण सशाच्या कानातल्या रक्तवाहिन्यांमधून सोडून पाहायचे. वाहिन्या आकसल्या, की द्रव्य अजून हाताशी आहे असे समजायचे, आणि सैलच राहिल्या तर मागल्या टप्प्यावर ते सांडले. महिनोन्‌महिने हा आट्यापाट्यांचा खेळ चालला. प्रथिने वेगळी करण्यात हातखंडा असलेल्या आर्डा ग्रीन सोबत होत्या. अखेर १९४८ मध्ये, पिंपांनी मोजावे इतक्या रक्तातून, फिकट पिवळसर स्फटिकांची चिमूट हाती लागली. सीरममध्ये सापडले आणि वाहिन्यांचा ताण वाढवते म्हणून तिघांनी त्याचे नाव ठेवले सेरोटोनिन.

पण स्फटिकांनी अजून एक हूल दिली. सेरोटोनिन एकटे आलेच नव्हते. क्रिएटिनिन आणि सल्फेट यांचा हात धरून ते स्फटिकात बसले होते, त्यामुळे वजनाचा हिशेब जुळेना. तोवर रॅपोर्ट क्लीव्हलँड सोडून न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले होते. तिथे त्यांनी गुंता सोडवला आणि १९४९ मध्ये रेणूची रचना जाहीर केली : ५-हायड्रॉक्सिट्रिप्टामिन. नावातच नाते उघड झाले. हॉपकिन्स यांच्या जांभळ्या कड्यामागे लपलेल्या ट्रिप्टोफॅनचाच सांगाडा या द्रव्यात होता. ट्रिप्टोफॅनला एक हायड्रॉक्सिल गट जोडावा आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकावा, की सेरोटोनिन तयार! शरीर अगदी असेच करते, हे पुढे सिद्ध झाले. इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर तीसच्या दशकापासून आतड्यातल्या ‘एंटेरामिन’ नावाच्या द्रव्यामागे लागले होते. तेही हेच निघाले.

रक्तात आणि आतड्यात असलेले हे द्रव्य मेंदूत शोधावे हे ज्या व्यक्तीच्या मनात आले, ती तेव्हा शिंपले तपासत होती. माझ्या मते या साऱ्या कथेतली सर्वांत धीट व्यक्ती हीच. हार्वर्डमधली पदवी-संशोधक बेटी ट्वारोग हिचा विषय होता मसल जातीचा शिंपला, कोकणातल्या खडकांवर चिकटणाऱ्या शिणाण्यांचा भाऊबंद. त्याचा एक स्नायू एकदा आवळला, की थकवा न येता बराच वेळ तसाच घट्ट राहतो. आवळण्याचा निरोप ॲसिटिलकोलीन देते हे तिने पाहिले. मग सैल होण्याचा निरोप कोण देते? रॅपोर्ट आणि एर्स्पामेर यांचे लेख वाचून तिने सेरोटोनिन मागवले, स्नायूवर सोडले, आणि गच्च आवळलेला स्नायू तिच्या डोळ्यांदेखत सैलावला. सेरोटोनिन मज्जातंतूंचा निरोप्या होता!

१९५२ मध्ये तिने शोधनिबंध पाठवला. नियतकालिकाने तो परीक्षकांकडे न पाठवता बाजूला ठेवून दिला. एका अनोळखी विद्यार्थिनीने इतका मोठा दावा करावा, हे बहुधा त्यांना पचले नाही. तो छापून यायला १९५४ उजाडले. ट्वारोगने वाट पाहिली नाही. शिंपल्यासारखा साधा जीव जर या द्रव्याने निरोप पाठवत असेल, तर सस्तन प्राण्यांच्या मेंदूत ते का नसावे, असा तिचा सरळ तर्क होता. घरच्या कारणाने तिला ओहायोत जायचे होते, म्हणून ती थेट पेज यांच्या दारात उभी राहिली. पेज यांना हे पटले नाही. सेरोटोनिन म्हणजे रक्ताची गोष्ट, मेंदूशी त्याचा काय संबंध? पण मोठेपणा असा, की न पटूनही त्यांनी तिला प्रयोगशाळा दिली.

मेंदूतले द्रव्य इतके अत्यल्प, की तेव्हाच्या रासायनिक कसोट्या त्यापुढे आंधळ्या ठरत. ट्वारोगने मोजमापासाठी एक जिवंत उपकरण घेतले : व्हीनस जातीच्या शिंपल्याचे, म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या कुळातल्या जिवाचे, धडधडते हृदय. सेरोटोनिनचा लवलेश लागला तरी त्याचे ठोके जोर धरतात. कुत्रा, उंदीर आणि ससा यांच्या मेंदूंचा अर्क एकेक करून त्या इवल्या हृदयावर पडला, आणि दरवेळी ठोके उसळले. ट्वारोग आणि पेज यांचा निबंध १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. सेरोटोनिन मेंदूत होते.

आता ही कथा मुंबईच्या वाटेने जाते. सर्पगंधेचे मूळ भारतात पिढ्यान्‌पिढ्या उन्माद शमवायला देत असत. बिहारात तर तिला ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ मध्ये कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडाचे झटके आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिचा गुण लिहून ठेवला, पण भारताबाहेर त्याकडे कोणी पाहिले नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मात्र हे सूत्र चिकाटीने पुढे नेले. रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा त्यांचा अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला आणि पश्चिमेचे डोळे उघडले. तीनच वर्षांत बाझलच्या सिबा कंपनीत सर्पगंधेतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे निघाले. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. मेंदूच्या रसायनाच्या इतिहासात मुंबईतल्या एका पारशी डॉक्टरचे नाव इतक्या मोक्याच्या जागी आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही याची खंत वाटते.

रेसर्पिनने रक्तदाब उतरत होता, पण त्याबरोबर आणखी काहीतरी उतरू लागले. १९५४ मध्ये अमेरिकेतून वार्ता आली, की मोठ्या मात्रेत दीर्घकाळ हे औषध घेणारे काही रुग्ण खोल नैराश्यात गेले. त्यांना कसलीच गोडी राहिली नाही, झोप उडाली आणि जगणे जड झाले. बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बर्नार्ड ब्रॉडी, आल्फ्रेड प्लेचर आणि पार्कहर्स्ट शोर यांनी सशांना रेसर्पिन टोचले. ससे कुबड काढून, पापण्या पाडून निश्चल बसले. १९५५ मध्ये या तिघांनी त्यांच्या मेंदूतले सेरोटोनिन मोजले. ते जवळजवळ संपले होते.

प्रयोगशाळेतल्या कोणाच्याही अंगावर काटा यावा असा तो क्षण होता. एक औषध, एक रिकामा होणारा साठा आणि एक विझलेला जीव एका रेषेत येऊन उभे राहिले होते. रासायनिक पदार्थाची मोजदाद आणि वागणुकीतला बदल इतके स्पष्टपणे शेजारी-शेजारी मांडलेले याआधी क्वचितच दिसले होते. दुसऱ्या टोकाहूनही पुरावा येत होता. न्यू यॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड हे क्षयावरचे नवे औषध घेणारे रुग्ण १९५२ मध्ये अचानक उत्साहाने भरून गेले होते, आणि हे औषध सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचा नाश करणाऱ्या विकराला अडवते असे आढळले होते.

पण रेषा इतकी सरळ नव्हती. १९५५ मध्येच लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंता आणि नैराश्याने ग्रासलेल्या रुग्णांना रेसर्पिन दिले, तर त्यांना उलट बरे वाटले! दोन वर्षांनी स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना सेरोटोनिनचा कच्चा माल टोचला. ससे हलले नाहीत. मग डोपा टोचले, ते डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन यांचे मूळद्रव्य. ससे उठून चालू लागले. सेरोटोनिनच्या पाठीराख्यांना हा मोठाच तडाखा होता. अमेरिकेतल्या संशोधकांनी मोहरा वळवला आणि नैराश्याचे खापर नॉरॲड्रेनालिनच्या तुटवड्यावर फुटले.

इंग्लंडमध्ये ॲलेक कॉपेन मात्र जागचे हलले नाहीत. एप्समच्या वेस्ट पार्क मनोरुग्णालयात ते नैराश्याचे रुग्ण रोज पाहत होते, आणि सशांपेक्षा माणसांना विचारावे असे त्यांचे म्हणणे होते. सेरोटोनिन थेट देण्यात अर्थ नव्हता, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ते ओलांडत नाही. ट्रिप्टोफॅन ओलांडते. म्हणून नैराश्यावरचे, सेरोटोनिनचा नाश रोखणारे औषध घेणाऱ्या रुग्णांना कॉपेन यांनी जोडीला ट्रिप्टोफॅन दिले. नुसत्या औषधापेक्षा या जोडीने रुग्ण अधिक सुधारले. १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा निबंध आला. हॉपकिन्स यांचे स्फटिक बासष्ट वर्षांनी माणसाच्या दुःखावर उतारा म्हणून उभे राहिले. एकट्या ट्रिप्टोफॅनच्या चाचण्यांनी पुढे कधी आशा दिली, कधी निराशा, पण दिशा ठरली होती. सहा वर्षांनी लेनिनग्राडमध्ये इझ्यास्लाव लापिन आणि ग्रेगरी ऑक्सेनक्रुग यांनी आणखी एक वाट दाखवली : शरीरातल्या ट्रिप्टोफॅनला सेरोटोनिनकडे जाण्याखेरीज आणखीही एक रस्ता आहे, किन्युरेनिनचा, आणि नैराश्यात ते कदाचित तिकडेच वळवले जात असावे. त्या कल्पनेचे चीज व्हायला अनेक दशके लागली.

कारखान्यांना मात्र कॉपेन यांचा इशारा कळला. इंडियानापोलिसच्या इलाय लिली कंपनीत ब्रायन मलॉय यांनी रेणू बनवायचे आणि डेव्हिड वाँग यांनी पारखायचे असे चालले होते. १९७२ मध्ये त्यांतला एक रेणू इतरांपेक्षा वेगळा वागला. पेशींचे सेरोटोनिन परत खेचून घेणे तो अडवून धरत होता आणि बाकीच्या द्रव्यांना जवळपास हात लावत नव्हता. फ्लुओक्सेटिन नावाच्या त्या रेणूला अमेरिकेत मान्यता मिळाली १९८७ च्या डिसेंबरात. पंधरा वर्षे त्याची वाट पाहण्यात गेली. पुढे ‘प्रोझॅक’ हे त्याचे व्यापारी नाव घराघरांत पोचले.

आता वाटले, उलगडा झाला. आणि त्याच वेळी ट्रिप्टोफॅनवर आभाळ कोसळले. झोपेसाठी, उदासीसाठी त्याच्या गोळ्या अमेरिकेत दुकानांत सहज मिळत. १९८९ च्या शरद ऋतूत न्यू मेक्सिकोतल्या डॉक्टरांकडे स्नायूंच्या असह्य वेदनांनी तळमळणारे रुग्ण येऊ लागले. त्यांच्या रक्तात एका जातीच्या पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या होत्या, आणि सगळ्यांमध्ये समान होते ते ट्रिप्टोफॅन. नोव्हेंबरात गोळ्या बाजारातून मागे घेण्यात आल्या. तोवर दीड हजारांहून अधिक लोक आजारी पडले होते आणि तीसहून अधिक मृत्यू पावले. माग काढता काढता दोर एका जपानी उत्पादकाच्या मालापर्यंत गेला. दोष त्यातल्या अशुद्धीचा असावा असाच संशय राहिला. ज्या पदार्थाचा शोध एका भेसळीने लावून दिला, त्याच पदार्थाच्या नावाला दुसऱ्या भेसळीने काळिमा लागला.

या काळवंडलेल्या दिवसांतच येल विद्यापीठातून एक निबंध बाहेर पडला. पेद्रो डेल्गादो आणि सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा करून विचारला होता. ट्रिप्टोफॅन देऊन काय होते हे पुष्कळ झाले, काढून घेतले तर काय होते? त्यासाठी त्यांनी साधन वापरले ते एक पेय. त्यात पंधरा अमिनो आम्ले होती, नव्हते फक्त ट्रिप्टोफॅन. हे पेय पोटात गेले, की शरीर आयत्या मालातून प्रथिने बांधायला घेते आणि त्यासाठी रक्तातले उरलेसुरले ट्रिप्टोफॅन उपसून वापरते. जे थोडे शिल्लक राहते, त्याला मेंदूच्या दाराशी इतर आम्लांच्या गर्दीत वाट मिळत नाही. काही तासांत मेंदूचा शिधा तुटतो.

औषधांनी नैराश्यातून बाहेर आलेल्या २१ जणांनी हे पेय घेतले. सकाळ शांत गेली. मग एकेकाचा चेहरा उतरू लागला. जुने विचार, जुनी अपराधी भावना, ओळखीचा तो अंधार परतला. १४ जण काही तासांत पुन्हा नैराश्यात बुडाले. दुसऱ्या दिवशी ते नेहमीचे जेवण जेवले, आणि मन पुन्हा वर आले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने एकेकाळी केवळ सशांत दिसलेली गोष्ट माणसाच्या तोंडून बोलती केली.

तरीही हे पेय जेव्हा निरोगी माणसांना दिले गेले, तेव्हा बहुतेकांना काहीच झाले नाही. उपचार न घेतलेल्या नैराश्याच्या रुग्णांना दिले, तर त्यांची अवस्था त्या दिवशी आणखी बिघडली नाही. सेरोटोनिन घटले की नैराश्य, हे जाहिरातींनी लोकांच्या तोंडी बसवलेले सोपे त्रैराशिक इथे मोडून पडले, आणि २०२२ मध्ये जोआना मॉनक्रिफ यांनी साऱ्या पुराव्यांचा पट मांडून त्या समजुतीवर जोरदार हल्ला चढवला, तो वाद अजून धगधगतो आहे. नैराश्याची औषधे अनेकांना तारतात. ती का तारतात, याचे उत्तर मात्र ‘कमतरता भरून काढतात’ इतक्यात मावत नाही, असे माझेही मत आहे.

सगळ्यात लक्षात राहतो तो १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला ऑक्सफर्डचा एक प्रयोग. स्मिथ, फेअरबर्न आणि कावेन यांनी १५ स्त्रियांना बोलावले. साऱ्याजणी नैराश्याच्या वारंवार झटक्यांतून गेलेल्या, पण आता बऱ्या झालेल्या, आणि कसलेही औषध न घेणाऱ्या होत्या. प्रत्येकीला दोन वेगवेगळ्या दिवशी दोन पेये प्यायची होती. एकात ट्रिप्टोफॅन होते, एकात नव्हते. बाकी सारे तेच ठेवले होते, केंब्रिजच्या उंदरांच्या खाण्यात ठेवले होते तसेच. कोणत्या दिवशी कोणता पेला, हे त्यांना सांगितले नव्हते. एका पेल्याने कोणाच्याही मनःस्थितीत फरक पडला नाही. दुसरा पेला प्याल्यावर काही तासांतच १५ पैकी १० जणींच्या मनावर तेच जुने मळभ दाटून आले.